महाधनेश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तळकोकणात, गोव्याच्या जंगलात किंवा दांडेलीच्या वाटेवर हा पक्षी एकदा डोक्यावरून गेला की माणूस प्रश्न विचारल्याशिवाय राहत नाही. शाळांत, देवळांच्या सभामंडपात, होमस्टेच्या अंगणात मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काही लांबली आहेत. ढोलीबद्दल सगळ्यांत जास्त लिहिलंय, कारण या पक्ष्याचं सगळं आयुष्य शेवटी एका जुन्या झाडाच्या ढोलीवर येऊन थांबतं.

महाधनेश म्हणजे नेमका कोणता पक्षी?

भारतातल्या नऊ जातींच्या धनेशांपैकी आकाराने सर्वांत मोठा. शास्त्रीय नाव ब्युसेरॉस बायकॉर्निस. चोचीपासून शेपटीपर्यंत लांबी साधारण ९५ ते १२० सेंटिमीटर, वजन दोन ते चार किलो, आणि पंख पसरले की दीड मीटरचा विस्तार. अंग आणि चेहरा काळा, मान पिवळसर, काळ्या पंखांवर रुंद पिवळा पट्टा, पांढऱ्या शेपटीवर एक काळा आडवा पट्टा. भली मोठी पिवळी चोच टोकाकडे नारिंगी होत जाते आणि तिच्यावर तितकंच मोठं पिवळं शिंग बसवल्यासारखं दिसतं. हिरव्या छतातून तो बाहेर पडतो तेव्हा हे सगळे रंग एकदम अंगावर येतात.

पश्चिम घाटात तो महाराष्ट्रापासून केरळ-तमिळनाडूपर्यंत आहे. त्याशिवाय हिमालयाच्या पायथ्याची जंगलं, ईशान्य भारत, नेपाळ, भूतान, म्यानमार, थायलंड आणि पुढे सुमात्रापर्यंत त्याची वस्ती आहे. केरळ आणि अरुणाचल प्रदेश या दोन्ही राज्यांचा हा राज्यपक्षी.

आमच्या गावात याला गरुड म्हणतात. मग हा शिकारी पक्षी आहे का?

नाही. कोकणात बऱ्याच ठिकाणी त्याला गरुड किंवा माळगरुड म्हणतात हे खरं, पण गरुड-घारींशी त्याचं नातं नाही. तो मुख्यतः फळं खातो. त्याच्यापेक्षा लहान, काळा-पांढरा जो धनेश आमराईत थव्याने येतो त्याला ककणेर म्हणतात, ती वेगळी जात.

महाराष्ट्रात किती जातींचे धनेश दिसतात? ओळखायचे कसे?

चार. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांतही जो राखाडी रंगाचा दिसतो तो भारतीय राखी धनेश. सह्याद्रीच्या दाट झाडीत राहणारा, चोचीवर शिंग नसलेला आणि माणसाच्या खदाखदा हसण्यासारखा आवाज काढणारा तो मलबारी राखी धनेश. ककणेर म्हणजे मलबारी कवड्या धनेश. चौथा महाधनेश.

घोळ होतो तो शेवटच्या दोघांत. उडताना पंखांकडे बघा. काळ्या पंखावर मधोमध रुंद पिवळा पट्टा दिसला की महाधनेश. कवड्या धनेशाच्या पंखांची फक्त मागची कड पांढरी असते आणि पिवळेपणा अंगावर कुठेच नसतो. शेपटीही बघून ठेवा: महाधनेशाच्या शेपटीवर आडवा काळा पट्टा, कवड्याच्या शेपटीची मधली पिसं काळी आणि बाजूची पांढरी.

नर आणि मादी वेगळे ओळखता येतात का?

येतात, दुर्बीण हवी. नराचे डोळे लालभडक, मादीचे पांढुरके. नराच्या शिंगाला पुढे आणि मागे काळी कड असते, मादीच्या शिंगाला ती नसते. मादी आकारानेही थोडी लहान. दोघांच्याही पापण्यांना लांब केस असतात. जवळून घेतलेला फोटो पाहून लोक हमखास विचारतात की हा रंगवलाय का. ते केस म्हणजे बदललेली पिसंच आहेत.

इतका पिवळाधमक रंग कुठून येतो?

पिवळा रंग या पिसांचा मूळचा नाही. मान आणि पंखांवरचा पट्टा मुळात पांढरा असतो. शेपटीच्या मुळाशी तेलग्रंथी असते आणि तिच्यातून पिवळसर-नारिंगी तेल स्रवतं. पक्षी चोच त्या ग्रंथीवर घासतो आणि मग मान, पंख, शिंग यांच्यावर ते तेल फिरवतो. फांदीवर निवांत बसलेला महाधनेश डोकं मागे वळवून पाठीवर घासताना दिसला तर तो नुसती पिसं साफ करत नाही, स्वतःला रंग लावत असतो. म्हणूनच एकाच जातीचे दोन पक्षी कमी-जास्त पिवळे दिसतात.

चोचीवरचं शिंग कशासाठी? मान मोडत नाही का एवढ्या ओझ्याने?

शिंग दिसतं तितकं जड नाही. आतून ते बहुतेक पोकळ असतं, हाडाच्या पातळ काड्यांनी सांधलेलं. आग्नेय आशियातला हेल्मेटेड धनेश याला अपवाद. त्याचं शिंग भरीव असतं, आणि हस्तिदंतासारखं कोरीवकाम करण्यासाठी त्याची बेसुमार शिकार झाली. महाधनेशाच्या मानेतले पहिले दोन मणके एकमेकांत जुळलेले असतात, त्यामुळे चोच पेलायला आधार मिळतो.

शिंगाच्या उपयोगाबद्दल अभ्यासकांत मतं वेगवेगळी आहेत. पक्षी किती वयाचा, नर की मादी, हे समोरच्याला कळावं हा एक हेतू. पिल्लाला शिंग नसतं आणि ते पूर्ण वाढायला पाच-एक वर्षं लागतात. आवाज घुमवण्यासाठी त्याचा उपयोग होत असावा असंही मानलं जातं. नर मात्र शिंग लढायलाही वापरतात हे पाहिलं गेलंय. दोघे हवेत समोरासमोर उडत येतात आणि शिंगावर शिंग आपटतात. त्याचा ठक्क असा आवाज खालपर्यंत येतो.

उडताना एवढा मोठा आवाज का येतो?

बहुतेक पक्ष्यांच्या पंखांच्या खालच्या बाजूला लहान पिसांचं आच्छादन असतं, ते उड्डाणाच्या मोठ्या पिसांची मुळं झाकतं. धनेशांत ते आच्छादन नीटसं नाही. पंख मारताना हवा त्या मोकळ्या पिसांमधून जाते आणि जुन्या कोळशाच्या इंजिनासारखा ‘हुश्श-हुश्श’ आवाज होतो. दाट जंगलात पक्षी दिसण्याच्या खूप आधी तो ऐकू येतो. मी नवख्या लोकांना सांगतो की मान वर करून शोधत बसू नका. गप्प बसा, तो स्वतःच सांगेल.

तो काय खातो?

फळं, आणि त्यातही उंबर-वड-पिंपळाच्या कुळातली. अन्नातला निम्म्याहून बराच जास्त भाग याच फळांचा असतो. कारण साधं आहे. आंबा, जांभूळ यांचा हंगाम ठरलेला. वड, पायर, नांदरूक, उंबर यांची झाडं मात्र एकाच वेळी फळत नाहीत. आज या खोऱ्यातला वड पिकतो, पंधरा दिवसांनी पलीकडच्या डोंगरातली पायर. जंगलात दुसरं काही नसताना कुठेतरी एक झाड लगडलेलं असतंच. महाधनेश त्या झाडाच्या शोधात मैलोनमैल उडतो, आणि पिकलेल्या वडावर धनेश, हरियाल, तांबट, शेकरू, माकडं असा सगळा गोतावळा एकत्र जेवताना दिसतो. हरियाल हा आपला राज्यपक्षी, तोही याच पंगतीतला.

विणीच्या काळात नर रानजायफळ, धूप आणि दालचिनीच्या कुळातल्या झाडांची तेलकट, पौष्टिक फळं शोधून आणतो. भेरली माडाची फळंही धनेश खातात. काजऱ्याच्या बिया आपल्यासाठी जहाल विष, पण त्या फळाचा गर धनेशांना चालतो. शिवाय सरडे, लहान साप, खेकडे, मोठे किडे, दुसऱ्या पक्ष्यांची पिल्लं, क्वचित एखादं छोटं घुबड किंवा खार. पिल्लाच्या वाढीला प्रथिनं लागतात, तेव्हा हे प्रमाण वाढतं. पाणी त्याला बहुतेक फळांतूनच मिळतं, त्यासाठी खाली उतरताना तो फारसा दिसत नाही.

फळ हवेत उडवून का गिळतो?

जीभ आखूड आहे. चोचीच्या टोकाशी धरलेलं फळ जिभेने आत ओढता येत नाही, म्हणून डोकं झटकून फळ थेट घशात टाकायचं. एवढ्या मोठ्या चोचीने तो पिकलेलं एकच उंबर नेमकं खुडतो, बाजूच्या कच्च्या फळाला धक्काही न लावता. ते पाहत राहावं असं असतं.

मादी स्वतःला झाडात कोंडून घेते हे खरं आहे का?

अगदी खरं. आणि नर तिला कोंडतो अशी जी समजूत आहे, ती चूक. ढोलीचं तोंड मादी स्वतः आतून बंद करते.

पश्चिम घाटात साधारण जानेवारीत जोडी ढोलीच्या आसपास दिसू लागते. नर मादीला फळं भरवतो, दोघं ढोलीत डोकावतात, निघून जातात, परत येतात. मग एक दिवस मादी आत शिरते आणि काम सुरू करते. स्वतःची विष्ठा, फळांचा चोथा, ढोलीतला कुजलेला भुसा हे सगळं कालवून ती चोचीच्या सपाट बाजूने तोंडाच्या कडेला लावते. थापी फिरवावी तशी चोच आडवी थोपटत राहते. थरावर थर चढतो, वाळतो, दगडासारखा कडक होतो. शेवटी उरते एक उभी फट, नराच्या चोचीचं टोक आत जाईल एवढीच. फट उभी असण्यातही सोय आहे: आतली गरम हवा वरून बाहेर पडते, ताजी हवा खालून आत येते.

आत ती एक किंवा दोन अंडी घालते. ३८ ते ४० दिवसांनी पिल्लू बाहेर येतं. बहुतेक वेळा एकच पिल्लू वाढतं. या काळात मादी पंखांची आणि शेपटीची पिसं गाळून नवी आणते. म्हणजे काही आठवडे तिला उडताच येत नाही. ढोली हे तिचं सुरक्षित घर, आणि खायला-प्यायला जे काही मिळेल ते नराकडून.

नर येतो तेव्हा त्याच्या चोचीत काही दिसत नाही. घशात भरून आणलेलं असतं. फटीशी तो खोडाला बिलगून बसतो, डोकं किंचित झटकतो आणि चोचीच्या टोकाशी एक उंबर उगवतं. फटीतून मादीच्या चोचीचं टोक येतं, फळ घेऊन आत जातं. पुन्हा झटका, पुन्हा एक फळ. असं एकामागून एक, डझनावारी. सगळी फळं संपली की तो सरळ उडून जातो, उगाच रेंगाळत नाही. हे सगळं दिवसातून अनेकदा, आठवडेच्या आठवडे.

पिल्लू थोडं मोठं झालं, मादीची पिसं आली, की ती भिंत फोडून बाहेर पडते. यानंतर जे होतं ते मला सगळ्यांत थक्क करणारं वाटतं. आत एकटं राहिलेलं, कधी जग न पाहिलेलं पिल्लू त्याच चोथ्याने आणि विष्ठेने फुटलेलं तोंड पुन्हा लिंपून घेतं. मग आई-बाप दोघे मिळून त्याला भरवतात. एप्रिल-मेमध्ये, मोठा पाऊस लागायच्या आत, तेही भिंत फोडून उडतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत साधारण चार महिने.

आत इतके दिवस राहून घाण होत नाही का?

मादी फटीकडे पाठ करून विष्ठा जोरात बाहेर फेकते, पिल्लूही तेच शिकतं. बियाही बाहेर टाकल्या जातात. ढोलीच्या झाडाखाली गेलात तर जमिनीवर पांढऱ्या शिंतोड्यांचा पट्टा आणि बियांचा खच दिसतो, रानजायफळाच्या लाल जाळीदार साली सोललेल्या चकचकीत बियांसकट. पावसाळ्यानंतर तिथे रोपांची दाटी होते. जंगलात हिंडणारे लोक कितीदा आधी ही रोपं पाहतात आणि मग वर बघतात, तेव्हा ढोली सापडते.

नर मेला तर मादीचं काय होतं?

भिंत मादीनेच बांधलेली असते, त्यामुळे ती फोडून बाहेर येऊ शकते. पण पिसं गळलेली असतील तर बाहेर येऊनही उडता येत नाही, आणि पिल्लू तर हमखास उपाशी मरतं. विणीच्या काळात एक नर मारणं म्हणजे एक घर संपवणं. बंदूकवाल्याला झाडावर एक पक्षी दिसतो, ढोलीतले दोन दिसत नाहीत.

ढोली तो स्वतः कोरतो का?

नाही, आणि त्याची सगळी अडचण इथेच आहे. चोच एवढी मोठी असून लाकूड कोरण्याच्या कामाची नाही. फांदी मोडून कुजलेली जागा, सुतारपक्ष्याने पाडलेलं आणि नंतर वर्षानुवर्षं सडून मोठं झालेलं भोक, अशी तयार ढोली त्याला लागते. तीन किलोच्या पक्ष्याला पिल्लासह मावेल एवढी पोकळी व्हायला झाडाचा घेर प्रचंड लागतो. म्हणजे झाड शंभर-दीडशे वर्षांचं हवं, शिवाय ते थोडं आजारी, थोडं पोकळ हवं. असं झाड लावून मिळत नाही.

कोकणात अशी झाडं उरलीत ती मुख्यतः बेहड्याची, जुन्या रायवळ आंब्याची, सातविणीची, सावरीची. आणि ती उरलीत देवराईत किंवा कुणाच्या तरी वडिलोपार्जित बागेच्या कडेला. एक चांगली ढोली जोडी वर्षामागून वर्ष वापरते. ती गेली की त्या खोऱ्यात दुसरी असेलच असं नाही. मग जोडी फिरत राहते, फळं खाते, दिसतेही, पण वीण होत नाही. ‘आमच्याकडे दिसतात की अजून’ असं लोक म्हणतात तेव्हा मी विचारतो, पिल्लू कधी दिसलं होतं शेवटचं?

तो जंगल पेरतो म्हणतात, त्यात किती तथ्य आहे?

पुरेपूर. रानजायफळासारखी मोठ्या बीची फळं अख्खी गिळू शकणारे पक्षी जंगलात मोजकेच. लहान तोंडाचे पक्षी ती टोचून खातात, बी झाडाखालीच पडते, आणि आईच्या सावलीत रोप जगत नाही. महाधनेश अख्खं फळ गिळतो, गर पचवतो आणि मोठी बी काही वेळाने उलटून टाकतो, तोवर तो दुसऱ्या डोंगरावर पोचलेला असतो. वड-उंबराच्या बारीक बिया विष्ठेतून पडतात, कित्येकदा एखाद्या उंच फांदीच्या बेचक्यात. तिथेच रुजून वडाची मुळं खाली उतरू लागतात. आज ज्या वडावर तो जेवतो, तो वडही अशाच कुणा पक्ष्याने वर नेऊन पेरलेला असतो.

टूकान आणि धनेश भाऊबंद आहेत का?

दिसायला सारखे, पण नातं लांबचं. टूकान मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले, त्यांचे जवळचे नातेवाईक तांबट आणि सुतारपक्षी. धनेश आशिया आणि आफ्रिकेतले. एकाच प्रकारचं जगणं, म्हणजे झाडांच्या शेंड्यांवरची फळं खुडून खाणं, यामुळे दोघांनाही लांब चोच मिळाली. टूकानही ढोलीतच अंडी घालतो, पण त्याची मादी स्वतःला कोंडून घेत नाही.

‘धनेश तेल’ संधिवातावर चालतं का?

चालत नाही. बाजारात, जत्रेत या नावाने बाटल्या विकल्या जातात आणि दुखण्याने बेजार झालेला माणूस विकत घेतो, हे मी समजू शकतो. पण या चरबीने सांधे बरे होतात याला कसलाही वैद्यकीय आधार नाही. बाटलीत खरंच धनेशाची चरबी असेल तर एका जोडीचा संसार त्यात गेलेला असतो, आणि नसेल तर तुमची शुद्ध फसवणूक. महाधनेश वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. शिकार, विक्री किंवा अवयव बाळगणं यासाठी तीन ते सात वर्षं कैद आणि दंड होऊ शकतो. घरात पूर्वजांनी लटकवलेली चोच असली तरी ती विकण्याचा विचार करू नका.

संख्या कमी का होतेय?

जगभराचा विचार केला तर शिकार आणि जंगलतोड. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने, म्हणजे आययूसीएनने, २०१८ साली महाधनेशाला ‘असुरक्षित’ गटात टाकलं.

कोकणचं दुखणं जरा वेगळं. इथलं बरंचसं रान खासगी मालकीचं. त्यामुळे वनखात्याच्या हद्दीबाहेर, सातबाऱ्यावर नावं असलेल्या जमिनीत धनेशांची घरटी आहेत. मालकाला पैशांची गरज लागते, ठेकेदार येतो, आणि सगळं रान जळाऊ लाकडाच्या भावाने एकगठ्ठा जातं. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे डोंगरच्या डोंगर रबर, अननस आणि काजूखाली गेले. काजूच्या बागेत धनेशाच्या कामाचं फळ नाही, ढोली नाही.

देवरायांबद्दल मनात आलेलं बोलून टाकतो. शेकडो वर्षं देवीच्या धाकाने ज्या झाडाची फांदीही कुणी तोडली नाही, ते झाड आता देवळाच्या जीर्णोद्धारासाठी तोडलं जातं. कौलारू देऊळ पाडून सिमेंटचं बांधायचं, त्याला पैसा हवा, आणि राईतला बेहडा विकून तो उभा करायचा. गावकऱ्यांची श्रद्धा खोटी नाही. पण ती राई हेच देवीचं मूळ स्थान होतं, देऊळ नंतर आलं. ग्रामसभेत हे बोललं पाहिजे, आणि ते बाहेरच्या माणसाने नाही, गावातल्याच कुणी तरी बोललं पाहिजे.

कुठे चांगलं काम झालंय का?

झालंय, आणि प्रत्येक ठिकाणी ते स्थानिक लोकांमुळे झालंय. अरुणाचलमध्ये न्यिशी जमातीचे पुरुष पारंपरिक टोपीवर धनेशाची चोच लावत. आता त्यांतले बरेच जण फायबरची चोच वापरतात. ‘पक्के’ नावाच्या व्याघ्र प्रकल्पाच्या कडेला त्याच जमातीचे लोक ‘घरटं दत्तक घ्या’ योजनेत ढोल्यांची राखण करतात. शहरातले लोक पैसे देतात, गावातला राखणदार पगार घेऊन ढोलीवर नजर ठेवतो. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन आणि वनविभाग यांचा त्यात सहभाग आहे. केरळमध्ये वाझचालच्या जंगलात कादर आदिवासी हेच काम करतात. त्यांतल्या काहींना पूर्वी पिल्लं काढण्यासाठी ढोल्या माहीत होत्या, आज तीच माहिती राखणीला उपयोगी पडते.

थायलंडमध्ये डॉ. पिलाई पूनस्वाद यांनी १९७८ पासून धनेशांवर काम उभं केलं. बुडो डोंगरातल्या पिल्लं चोरणाऱ्यांनाच त्यांनी राखणदार केलं, खराब झालेल्या ढोल्या दुरुस्त केल्या आणि कृत्रिम ढोल्याही लावल्या.

आपल्याकडे पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशनने बेहड्याच्या फळांना चांगला भाव मिळवून देण्याची वाट धरली. झाड तोडून एकदाच पैसे, की फळं विकून दरवर्षी, असा हिशेब मालकापुढे ठेवला. मला ही पद्धत सगळ्यांत पटते. मालकाला नुसता उपदेश करून बेहडा वाचत नाही. शासनाच्या पातळीवर दोडामार्गजवळच्या तिलारीला २०२० मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र घोषित केलं गेलं, तेही महत्त्वाचं.

मुंबईच्या बीएनएचएसच्या चिन्हावर हाच पक्षी का?

कारण तो त्यांच्या कार्यालयात राहायचा. १८९४ साली कारवारहून एक पिल्लू बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत आलं. त्याचं नाव विल्यम. अपोलो स्ट्रीटवरच्या कार्यालयात, मानद सचिवांच्या खुर्चीमागे त्याचा मुक्काम असे. लांबून फेकलेला टेनिसचा चेंडू तो चोचीत अचूक झेलायचा, आणि एकदा पेटती सिगार गिळूनही त्याला काही झालं नव्हतं. २६ वर्षं जगून १९२० मध्ये, तारेचा तुकडा गिळल्यामुळे तो गेला. संस्थेचं चिन्ह, मुंबईतलं ‘हॉर्नबिल हाउस’ आणि ‘हॉर्नबिल’ नियतकालिक ही त्याचीच आठवण.

म्हणजे पाळता येतो?

कायद्याने नाही. विल्यमचा काळ वेगळा होता. आणि ढोलीतून पिल्लू काढायला ढोली फोडावी लागते, ती पुढच्या वर्षी कामाची राहत नाही.

कुठे आणि कधी बघायला जावं?

महाराष्ट्रात सिंधुदुर्गातला तिलारी-दोडामार्ग आणि आंबोलीचा परिसर, रत्नागिरीतल्या जुन्या देवराया. गोव्यात मोले आणि म्हादईची जंगलं. कर्नाटकात दांडेली-गणेशगुडी, जिथे चारही जाती पाहायला मिळतात. दांडेलीच्या लाकूड डेपोच्या आवारात कवड्या धनेशांचे थवे येतात, नवशिक्यांनी तिथून सुरुवात करावी. लांब जायची तयारी असेल तर केरळ-तमिळनाडूतलं वाझचाल, वालपराई आणि नेल्लियमपती.

नोव्हेंबर ते मे ठीक. भल्या सकाळी जा, आणि स्थानिक माणसाला विचारा की सध्या कुठला वड पिकलाय. पिकलेल्या वडाखाली दोन तास बसणं हे दिवसभर वणवण करण्यापेक्षा बरं.

ढोलीचा फोटो काढला तर चालेल ना?

मी नाही म्हणेन. नर फार बुजरा असतो. झाडाखाली माणसं दिसली की तो फळं घशात घेऊन लांबच्या फांदीवर बसून राहतो, कधी परत फिरतो. तुमच्या एका फोटोसाठी आत मादी आणि पिल्लू ताटकळतं. ड्रोन तर अजिबात नको. चुकून ढोली सापडलीच तर लांबून बघा, लवकर निघा, आणि समाजमाध्यमांवर जागा टाकू नका. चांगले फोटो वडावर मिळतात, तिथे तो निवांत असतो.

आमच्या बागेत ढोलीचं झाड आहे, पण पोकळ झालंय. तोडावं का?

घरावर पडण्याचा धोका नसेल तर ठेवा. पोकळ झाड म्हणजे मेलेलं झाड नव्हे, ते अजून कित्येक वर्षं उभं राहू शकतं. धोका असेल तर आधी फांद्या हलक्या करून घ्या. तोडणं टळतच नसेल तर निदान जानेवारी ते मे या काळात कुऱ्हाड लावू नका, आणि खाली बियांचा खच दिसतोय का ते बघा. दिसला तर वनखात्याला कळवा. बांधावर जागा असेल तर वड, पायर, नांदरूक, उंबर लावा. ही झाडं फांदीपासूनही येतात आणि धनेशांना तुमच्या हयातीत खायला घालतात.

जखमी धनेश किंवा खाली पडलेलं पिल्लू सापडलं तर?

आधी कुत्री आणि माणसांची गर्दी लांब करा. जाड कापड टाकून पक्षी झाका, चोचीपासून जपा, ती बोट फोडू शकते. हवा खेळती राहील अशा पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा. पाणी चोचीत ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. दूध, भात, बिस्कीट काही देऊ नका. महाराष्ट्रात वनखात्याची हेल्पलाइन १९२६. फोन लावा आणि पक्षी नेमका कुठे, कोणत्या झाडाखाली सापडला ते नीट सांगा. पिल्लू असेल तर ते झाड दाखवायला स्वतः थांबा, कारण ढोली शाबूत असली तर त्याला परत तिथेच ठेवता येतं का, हे आधी बघितलं जातं.